शिंदळ माकुडीच्या माहेरी

शिवनेरी म्हटलं की शिवजन्माचं ठिकाण, शिवाईदेवीचं देऊळ आणि वाटेवरचे सात दरवाजे डोळ्यांसमोर येतात. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत शिवनेरीही आहे. पण याच किल्ल्याच्या कातळात एक छोटीशी वनस्पती राहते, तिची फारशी कुणाला खबर नाही. तिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. गावाकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात. ती फक्त महाराष्ट्रातल्या मोजक्या डोंगरकड्यांवर सापडते: शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशा ठिकाणी, आणि तिथेही हाताच्या बोटांवर मोजावी इतकी विरळ.

आमच्या घरात मात्र ती गेली बारा वर्षं आहे. टिळकवाडीत आत्याच्या कौलारू घराच्या पडवीत एक टांगती कुंडी आहे. तिच्यातून करंगळीएवढ्या जाड, हिरव्या-करड्या फांद्या खाली लोंबतात आणि श्रावण-भाद्रपदात त्यांना फुलं येतात. आत्याने तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर एका मैत्रिणीच्या बागेतून तिला या झाडाचा बोटभर तुकडा मिळाला. मराठी नाव चारचौघांत घ्यायला तिला संकोच वाटतो, म्हणून ती "आमची फ्रेरिया" असंच म्हणते.

गेल्या वर्षी घराचा सौदा झाला. आता तिथे अपार्टमेंट होणार आणि आत्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाणार. सामानाच्या वाटण्या चालू असताना ती मला फोनवर म्हणाली, "कुंड्यांचं बघू नंतर. आधी मला हिचं माहेर बघायचंय. गुडघे चालताहेत तोवर घेऊन चल की." मी नोकरीसाठी पुण्यात असतो. सप्टेंबरच्या एका शनिवारी आम्ही दोघं पहाटेच निघालो.

पुण्याहून जुन्नर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. चाकणची वाहनं ओलांडली की रस्ता मोकळा होतो. नारायणगावात चहा घेऊन डावीकडे वळलं की थोड्या वेळात शिवनेरी दिसू लागतो. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत. तरी आत्याबरोबर प्रत्येक दरवाजापाशी थांबत गेलो. पाऊस उघडला होता. उतारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा जांभळा रंग पसरला होता.

थांबलो की आत्याचा तास सुरू व्हायचा. निकोल डालझेल हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ मुंबई इलाख्यात वनाधिकारी होता. त्याने जुन्नरच्या परिसरात ही वनस्पती पाहिली आणि १८६५ च्या सुमारास तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचं नाव तिला दिलं. पुढे शास्त्रज्ञांनी तिला कॅरालुमा गणात घातलं, नंतर बुसेरोसियात. पण झाडं वाढवणारे लोक तिला अजून फ्रेरियाच म्हणतात. आमच्या धंद्यातही व्हेरिएबलचं नाव बदललं तरी जुने लोक जुनंच नाव घेतात, तसंच हे.

ती रुईच्या कुळातली. रानात कोवळ्या फांद्या खाल्ल्या जातात ती माकडशिंगी तिची जवळची नातेवाईक. या गोतातल्या बहुतेक झाडांना पानं नसतात, असली तरी नावापुरती. फ्रेरियाला मात्र पावसाळ्यात चांगली मांसल, डोळ्यांत भरणारी पानं येतात आणि कोरड्या ऋतूत ती गळून जातात. यामागे एक मोठी गंमत आहे. १९७७ साली दोन संशोधकांनी दाखवून दिलं की तिची पानं सामान्य झाडांसारखी दिवसा हवा आत घेतात, पण खोड निवडुंगासारखं रात्री घेतं. म्हणजे एकाच झाडात दोन शिफ्ट. पाणी असेल तेव्हा पानांची दिवसपाळी जोरात चालते. पाणी संपलं की पानांना सुट्टी मिळते आणि रात्री, वाफ कमी उडते तेव्हा, खोड एकटं काम करतं.

ती नेमकी कुठे दिसली ते लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. वाटेच्या एका वळणावर आत्याने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. माणसाचा हात पोचणार नाही अशा उभ्या कातळात एक भेग होती. त्या भेगेतून चार-पाच आखूड फांद्या बाहेर आल्या होत्या आणि दोन फुलं होती. लालसर किरमिजी, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. त्यांवर पिवळी नक्षी होती. प्रत्येक फुलावरची नक्षी थोडी वेगळी असते.

"अरे, आपल्याकडची हिच्यापेक्षा दुप्पट आहे की," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "आपण तिला फार खाऊ घालतो."

कड्याकडे नीट पाहिलं तर कुंडीचं सगळं गणित तिथेच मांडलेलं आहे. पाऊस धो धो पडतो, पण कातळावरून लगेच वाहून जातो. मुळांशी उरते ती मूठभर माती आणि दगडाचा चुरा. चार महिने ओल, आठ महिने कोरडं. ऊन दिवसभर नाही, काही तास. फांद्या वर चढत नाहीत, खाली लोंबतात.

घरी करायचं ते असं:

कुंडी मातीची, उथळ आणि शक्यतो टांगती घ्या. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग बारीक खडी किंवा विटांचा चुरा असं मिश्रण करा. आमच्याकडे जांभ्याचे तुकडे घालतात, तेही चालतात. शेणखत चिमूटभरच.

आपल्या बेळगावचा पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, त्यात मुळं कुजतात. म्हणून कुंडी पागोळ्यांखाली नको, वळचणीच्या आत हवी. वरचा थर पूर्ण सुकला की पाणी घाला. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर उजेडाची सावली तिला मानवते.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळतात. झाड मेलं असं समजून पाणी वाढवू नका, बहुतेक झाडं तिथेच जातात. थंडीत पाणी जवळजवळ बंद करा. उन्हाळ्यात खोड फारच सुरकुतलं तर महिन्यातून एकदा थोडं शिंपडा. वळवाचे दोन पाऊस झाले की नवी पानं येतात.

नवं रोप करायचं तर बोटभर फांदी कापा आणि कापलेलं टोक आठवडाभर सावलीत सुकू द्या. मग ती वाळूमिश्रित मातीवर आडवी टेकवून ठेवा. पेऱ्यांना मुळं फुटतात. पांढऱ्या पिठ्या ढेकणांवर लक्ष ठेवा. ते मुळांतही लपतात, म्हणून कुंडी बदलताना मुळं तपासा.

फूल नाकाशी धरलं तर सुगंधाची अपेक्षा ठेवू नका. हे फूल आपल्यासाठी नाही, माशांसाठी आहे. रुईसारखे याचे परागकण सुटे नसतात, त्यांची छोटी गाठोडी असतात. माशी फुलावर फिरताना गाठोडं तिला अडकतं आणि पुढच्या फुलात नेमक्या खाचेत बसलं तरच फळ धरतं. शेंगांची जोडी तडकली की रेशमी शेपटीची बियाणी वाऱ्यावर उडतात. ती पुन्हा कातळाच्या भेगेतच पडायला हवीत. इतकी जर-तर असलेली गोष्ट क्वचितच जमते. त्यात भर म्हणजे उन्हाळ्यात गवताला लागणाऱ्या आगी, दरडी, चरणारी जनावरं आणि माणसाचे हात.

उतरताना दोन मुलं भेटली. आत्याच्या दुर्बिणीकडे बघून त्यांनी विचारलं, "काय बघितलं?" आत्याने फुलाबद्दल सगळं सांगितलं, फक्त जागा सांगितली नाही. गाडीत मी विचारलं तेव्हा म्हणाली, "चांगली मुलं होती रे. पण ती फोटो टाकतील, फोटोवर जागा येईल, आणि तिसऱ्याच कुणाच्या हातात चाकू असेल." म्हणून मीही लिहिली नाही. फोनमध्ये फोटोबरोबर ठिकाण साठवलं जातं. दुर्मीळ झाडाचा फोटो कुणाला पाठवण्याआधी ते काढून टाका.

विरोधाभास असा की कड्यावर मोजकीच उरलेली ही वनस्पती युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या काचघरांत सुखाने वाढते. मग ती वाचली असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. फांदीपासून केलेलं रोप म्हणजे मूळ झाडाची हुबेहूब प्रत. आत्याच्या एका कुंडीच्या पन्नास कुंड्या केल्या तरी झाड एकच राहतं. एकाच फाइलचे पन्नास बॅकअप घेतले म्हणून माहिती पन्नासपट होत नाही. एक रोग आला तर सगळ्यांवर एकसारखा येईल. वेगळेपण बियांतून येतं, आणि ते अजून कड्यांवर आहे. ऊतिसंवर्धनाने रोपं करून ती कड्यांवर परत लावण्याचे प्रयोग शास्त्रज्ञांनी केले आहेत. ते काम त्यांचंच. आपण हौसेने घरची रोपं गडावर नेऊन लावू नयेत. त्यांबरोबर कीड जाते, आणि कुठलं झाड मूळचं हे पुढे कळेनासं होतं.

आपल्या हातात आहे ते एवढंच: रानातली फांदी तोडायची नाही, कुणी रानातली विकत असेल तर घ्यायची नाही, आणि घरात आहे ती नीट जगवायची. आत्याचं घर दिवाळीनंतर पाडायला घेतील. मोठी कुंडी तिच्याबरोबर फ्लॅटच्या गॅलरीत जाईल. तिथे पूर्वेचं ऊन येतं, ते मी मोजून आलो आहे. सहा छोट्या कुंड्या आम्ही चुलत-आत्ते भावंडांनी वाटून घेतल्या: दोन बेळगावात, दोन पुण्यात, एक बंगळुरात, एक पणजीत. प्रत्येक कुंडीच्या तळाला आत्याने पांढऱ्या रंगाने तुकडा मिळाल्याचं वर्ष लिहिलं आहे.

मंडळाच्या वाचकांपैकी कुणाकडे दुसरीकडून आलेली फ्रेरिया असेल तर मंडळामार्फत जरूर कळवा. दोन वेगळ्या झाडांची फुलं एका पडवीत आली तर शेंग धरते का, हे आत्याला बघायचं आहे. बियाणी आली तर निम्मी तुमची.