आगीत टिकलेला धागा

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात केम नावाचे गाव आहे. तेथील कुंकू प्रसिद्ध आहे. पिवळ्या हळदीस चुन्यासारख्या क्षाराची जोड मिळाली की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कुंकवाला ओल लागू नये म्हणून ते पॉलिथिनच्या पिशवीत भरतात. त्या पिशवीच्या द्रव्याचा पालट मात्र हळदीहूनही नवलाचा आहे.

पॉलिथिन 1933 साली इंग्लंडात योगायोगाने हाती लागले. त्याच्या वजनाच्या शंभर भागांत सुमारे 86 भाग कार्बन असतो, उरलेला हायड्रोजन. तो घालवून दिला की कार्बनचा तंतू मिळावा, असे कोणासही वाटेल. एडिसनने 1879 साली दिव्यासाठी सुताच्या दोऱ्याचा कोळसा केलाच होता. पण सूत वितळत नाही. पॉलिथिन मात्र सव्वाशे अंशांच्या आसपासच पातळ होते. ज्वालेजवळची पिशवी कशी आक्रसते आणि ठिबकते! (तो धूर छातीत घेण्याजोगा नसतो, हेही ध्यानात असावे.) धागाच उरला नाही, तर भट्टीत भाजावयाचे काय?

येथे कामास आले ते कापड जाळणारे तीव्र गंधकाम्ल. पॉलिथिनचे रेणू म्हणजे एकमेकींस न बांधलेल्या लांबच लांब साखळ्या. तापल्या की त्या घसरू लागतात. कढत आम्लात धागा ठेवला असता साखळ्यांना गंधकाचे गट चिकटतात, काही हायड्रोजन निघून जातो आणि साखळ्या परस्परांत जखडल्या जातात. धागा काळा पडतो. पण आता तो वितळत नाही. मग तो नायट्रोजनने भरलेल्या भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवितात. तेथे हवा शिरली तर सारे श्रम जळून जावयाचे! अखेर उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन.

2012 साली अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी पॉलिथिनपासून पोकळ, तसेच दातेरी चाकासारख्या छेदाचे कार्बन तंतू बनविल्याचे प्रसिद्ध केले.

कार्बन तंतू पोलादाच्या पावपटीहूनही हलका असतो. आपल्या ‘तेजस’ विमानाच्या अंगात असेच तंतू आहेत. परंतु असे तंतू बहुधा ॲक्रिलिक जातीच्या महाग धाग्यापासून करतात. पॉलिथिन स्वस्त खरे; पण त्याच्या तंतूस अद्याप तितकी ताकद आलेली नाही, आणि आम्लाच्या कुंडातून निघणारा गंधकाचा विषारी वायू आवरणे हेही सोपे काम नव्हे.