किटबॅग परत आली, त्यानंतर

चि. चिऊ,


तुझा निरोप वाचला. 'मावशी, मी पैसे दिले ते चुकलं का?' एवढंच तू विचारलं आहेस आणि घरात त्याची दोन उत्तरं तुला आधीच मिळाली आहेत. बाबा म्हणतात, सरळ पोलिसांत जायला हवं होतं, तीन हजार फुकट गेले. आजी म्हणते, बिचाऱ्याने बॅग सांभाळली, दिले तर बिघडलं कुठे. मला दोघांचंही पुरतं पटत नाही, म्हणून फोनवर न बोलता सविस्तर लिहितेय. हे पत्र मी छापायलाही देणार आहे. लोकलच्या मालडब्यातून किट घेऊन मैदानावर जाणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत, आणि तुझ्यावर आलं ते उद्या त्यांच्यावरही येईल. तुझं नाव कुठेही येणार नाही, काळजी करू नकोस.

आधी तुझ्या बॅगेबद्दल. दादरहून पकडलेल्या कसारा लोकलमधून डोंबिवलीला उतरताना मागच्या लोंढ्याने तुला फलाटावर ढकललं आणि बॅग आतच राहिली. ती ज्याच्या हाती लागली तो आसनगावला उतरणारा, रोजंदारीवर जाणारा माणूस. बॅग उघडल्यावर त्याला काय दिसलं असेल? एक बॅट, पॅड, हेल्मेट, दोन जोड्या ग्लोव्ह्ज. दुकानदाराला विचारलं तर तो बॅटचं काहीतरी सांगेल, हेल्मेटचं थोडं कमी सांगेल, आणि कीपिंगचे जुने ग्लोव्ह्ज बाजूला सारेल. वापरलेल्या कीपिंग ग्लोव्ह्जना बाजारात गिऱ्हाईक नसतं.

आणि तू रडलीस ती नेमकी त्या ग्लोव्ह्जसाठी. मला कळतं ते. नवे ग्लोव्ह्ज पुठ्ठ्यासारखे कडक असतात, चेंडू तळव्यावर आपटून बाहेर येतो. हजारो चेंडू घेतल्यावर कुठे ते हाताच्या घडीप्रमाणे मिटायला लागतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जाळी, नियमांनी जाळीला मुभा दिलेली तेवढी एकच जागा, ती तुझ्या हाताच्या मापाने सैल झालेली. आतले इनर घामाने मऊ पडलेले. बॅटचंही तसंच. जवसाचं तेल लावून, लाकडी हातोडीने रात्री उशिरापर्यंत तिच्या कडा ठोकत बसायचीस तेव्हा शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. ती मेहनत बिलावर लिहिलेली नसते. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने 2013 साली वडोदऱ्यात एकोणीस वर्षांखालील सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद 224 धावा केल्या त्या राहुल द्रविडच्या बॅटने. भावाने तिच्यासाठी ती द्रविडकडून मागून आणली होती. सही करून घेऊन भिंतीवर लावायची वस्तू, पण हातात घेतल्यावर तिचा तोल इतका जमला की स्मृती त्याच बॅटने खेळायला लागली. ती बॅट एखाद्या लोकलमध्ये राहिली असती तर सापडवणाऱ्याने तिची काय किंमत केली असती, आणि स्मृतीने काय केली असती?

वस्तूची बाजारातली किंमत आणि मालकाच्या मनातली किंमत यांत हे जे अंतर असतं, त्यातच तुझे तीन हजार गेले. ते कसे गेले याचा क्रम तू मला नीट सांगितलास, आणि माझं सगळं म्हणणं त्या क्रमावर उभं आहे. पहिल्या रात्री त्याने बॅगेवरचा नंबर बघून स्वतःहून फोन केला आणि पाचशे मागितले. उद्याचा खाडा होईल, येण्याजाण्याचं बघा, असं म्हणाला. तेव्हा तू रडत रडत त्याला सगळं सांगून टाकलंस: रविवारी निवड चाचणी आहे, ग्लोव्ह्ज नसतील तर मी उभीच राहू शकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचशेचे पाच हजार झाले. नाहीतर कल्याणचा दुकानदार घ्यायला तयार आहे, असंही आलं. घासाघीस होऊन तीनवर ठरलं.

एका रात्रीत त्या माणसाचे कष्ट दसपट झाले नव्हते, चिऊ. त्याला फक्त तुझी गरज कळली होती. पाचशेचा आकडा त्याने स्वतःच्या खाड्यावरून काढला होता. पाच हजारांचा त्याने तुझ्या रडण्यावरून काढला. मला चीड आहे ती या दुसऱ्या आकड्याची. पहिल्याची नाही.

बाबांना हे सांगताना कायद्याचा आधार घे, कारण कायदा त्यांना वाटतो तितका त्यांच्या बाजूने नाही. भारतीय करार अधिनियम 1872 चा आहे. वस्तू सापडली आणि ती कुणी आपल्या ताब्यात घेतली की त्याच्यावर काय जबाबदारी येते आणि त्याला काय मिळतं, दोन्ही त्यात लिहिलेलं आहे. कलम 71 म्हणतं की सापडवणाऱ्यावर तीच जबाबदारी, जी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू सांभाळणाऱ्यावर असते. म्हणजे साधा समजूतदार माणूस स्वतःची वस्तू जपेल तितकी ती जपायची. कलम 168 पुढे जातं. वस्तू सांभाळण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी झालेले कष्ट आणि खर्च यांच्यासाठी सापडवणारा मालकावर दावा लावू शकत नाही, पण त्यांची भरपाई मिळेपर्यंत वस्तू स्वतःजवळ अडवून ठेवू शकतो. बाबांना हे वाचून दाखव. 'माझी बॅग, निमूट परत दे' असं म्हणण्याचा पूर्ण अधिकार आपल्यालाही नाही. पाचशे मागितले तेव्हा तो माणूस कायद्याच्या आत होता, आणि माझ्या मते माणुसकीच्याही आत होता.

बक्षिसाचं मात्र वेगळं आहे. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर सापडवणारा ते दावा लावूनही वसूल करू शकतो. बाबांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'योग्य बक्षीस दिले जाईल' असं टाकलं होतं, आणि आता त्यांना वाटतंय की त्यामुळेच आपण अडकलो. तसं नाही. एक तर त्यात आकडा नव्हता, आणि दुसरं म्हणजे आसनगावच्या त्या माणसाने तो संदेश पाहिलाच नव्हता. 1913 साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त असा खटला आला होता. कानपूरच्या गौरी दत्तांचा पुतण्या घरातून पळाला. पेढीवरचा मुनीम लालमन त्याला शोधायला हरिद्वारकडे पाठवला गेला. तो गेल्यावर मालकांनी 501 रुपयांच्या बक्षिसाची पत्रकं वाटली. लालमनने मुलगा शोधून काढला, बक्षिसाचं त्याला पुढे कळलं, त्याने दावा केला आणि तो हरला. जे वचन ठाऊकच नव्हतं, ते स्वीकारलं असं कसं म्हणायचं? कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खटला वाचावा लागतो आणि लालमनबद्दल मला नेहमीच वाईट वाटत आलं आहे. पण बक्षीस वचनातून येतं आणि भरपाई कष्टांतून येते, हा फरक त्यातून पक्का समजतो. तुझ्या माणसाला भरपाई मिळायला हवी होती. बक्षीस द्यायचं की नाही, ही तुझी मर्जी होती. आणि त्याने वसूल केलं ते यांपैकी काहीच नव्हतं.

'नाहीतर दुकानदार घेईल' या वाक्याशी तर मी मुळीच तडजोड करणार नाही. सापडलेली वस्तू विकण्याची मुभा कायदा देतो, पण मोजक्याच वेळी: मालक नीट शोधूनही सापडत नसेल, किंवा रास्त खर्च द्यायला नकार देत असेल, आणि त्यातही वस्तू नासत चालली असेल किंवा खर्च तिच्या किमतीच्या दोनतृतीयांशावर गेला असेल तेव्हाच. इथे मालकीण फोनवर रडत होती. मालक कोण हे माहीत असताना वस्तू स्वतःची म्हणून विल्हेवाट लावणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं 403 वं कलम होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 314 वं आहे, आणि शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दंड. त्या कलमाखालची उदाहरणं साधी आहेत. रस्त्यावर रुपया सापडला, कुणाचा हे कळायला मार्ग नाही, उचलला तर गुन्हा नाही. पाकिटात नोट सापडली आणि वरच्या पत्त्यावरून मालक कळला, तरीही ठेवून घेतली तर गुन्हा. तुझ्या बॅगेवर तुझं नाव होतं, नंबर होता, आणि तो त्याने फिरवलाही होता.

आता आजीसाठी. तूच मला सांगितलंस की बॅग पावसात भिजली होती आणि त्याच्या बायकोने पॅड, ग्लोव्ह्ज काढून पंख्याखाली वाळवले, उन्हात टाकले नाहीत. चामडं उन्हात तडकतं हे तिला ठाऊक होतं की सहज सुचलं, कोण जाणे. आजी हेच धरून बसली आहे आणि तिचं बरोबर आहे. कायदा सांभाळण्याची जी अपेक्षा करतो, ती त्या घराने कलम न वाचता पूर्ण केली. त्याबद्दल मी पाचशेवर आणखी पाचशे आनंदाने दिले असते. म्हणूनच आता तक्रार करायला मी तुला सांगणार नाही. पण आजी त्या वाळवलेल्या ग्लोव्ह्जवरून सगळ्या तीन हजारांचं समर्थन करते, ते मला मान्य नाही. एकाच घरात कुणी तुझी वस्तू जिव्हाळ्याने जपली आणि कुणी तुझी अडचण हेरली. दोन्ही खरं आहे.

डेव्हिड वॉर्नरचं तू वाचलं असशील. जानेवारी 2024 मध्ये सिडनीला त्याची शेवटची कसोटी, आणि मेलबर्नहून येणाऱ्या सामानातून त्याची पाठपिशवी गायब झाली. आत त्याच्या कसोटीच्या हिरव्या टोप्या होत्या. त्याने चित्रफीत टाकून सांगितलं: पिशवीच हवी असेल तर माझ्याकडे दुसरी आहे, ती घे, तुला काही त्रास होणार नाही, फक्त टोप्या दे. तीन दिवसांनी त्या संघाच्या हॉटेलातच मिळाल्या. वॉर्नरचं वागणं मला आवडलं. टोप्या त्याच्यासाठी किती मोलाच्या आहेत हे त्याने लपवलं नाही, पण द्यायचं काय हे स्वतः ठरवलं आणि आधीच सांगून टाकलं. तू मोल सांगितलंस आणि द्यायचं काय हे ठरवणं त्याच्यावर सोडलंस.

1966 सालचं उदाहरण जरा निराळं. लंडनमध्ये विश्वचषक फुटबॉलचा ज्यूल्स रिमे करंडक प्रदर्शनातून चोरीला गेला, 15,000 पौंडांची मागणी करणारं पत्र इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांकडे आलं. पैसे न्यायला आलेला माणूस पकडला गेला, पण करंडक त्याच्याकडून मिळाला नाही. तो आठवडाभराने दक्षिण लंडनमध्ये एका कुंपणाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला, पिकल्स नावाच्या कुत्र्याला. त्याच्या मालकाने तो पोलिसांकडे नेऊन दिला. मागणी करणारा तुरुंगात गेला, आणि काहीही न मागणाऱ्या त्या मालकाला हजारो पौंडांचं बक्षीस मिळालं.

पुढच्या वेळी काय करायचं ते थोडक्यात सांगते. बॅग गाडीत राहिली की त्याच फलाटावरून 139 ला फोन लाव आणि स्टेशन मास्तरला गाठ. गाडी, डबा, बॅगेचा रंग सांगितला की पुढच्या मोठ्या स्थानकावर ती उतरवून घेता येते. रेल्वे सुरक्षा दल 'ऑपरेशन अमानत'खाली हरवलेलं सामान प्रवाशांना परत करतं, त्याला पैसे पडत नाहीत. आणि कुणाचा फोन आलाच, तर आधी आभार मान, मग विचार, 'तुमचा किती खर्च झाला, खाडा किती?' जे रास्त असेल त्याच्यावर थोडं घालून एकच आकडा सांग. चाचणी, ग्लोव्ह्ज, रडणं, यातलं काही बोलू नकोस. भेटायचं ते स्टेशनवर, सुरक्षा दलाच्या चौकीसमोर. तू मैत्रिणीला घेऊन अनोळखी माणसाच्या घरापर्यंत गेलीस हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तीन हजारांपेक्षा मला त्याचं जास्त वाटलं. पुन्हा असं करायचं नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: देणं बरोबर होतं, तितकं देणं बरोबर नव्हतं, आणि जास्तीच्या पैशांचा दोष तुझ्याकडे येत नाही. चाचणीच्या तोंडावर सतरा वर्षांच्या मुलीने याहून काय वेगळं केलं असतं? आजीकडून घेतलेले पैसे फेडायची घाई करू नकोस, तिचं नि माझं बोलणं झालंय.

शेवटी एक. तू म्हणतेस, आता बॅगेवर नाव-नंबर लिहिणार नाही, त्यावरूनच लोक आपल्याला गाठतात. असं करू नकोस. त्या नंबरामुळेच बॅग परत आली, आणि त्या नंबरामुळेच सापडवणाऱ्याला 'कुणाची ते कळलं नाही' असं म्हणता येत नाही. उलट ठळक लिही. बॅगेवर एकदा, पॅडच्या पट्ट्यांच्या आत, हेल्मेटच्या अस्तरावर, ग्लोव्ह्जच्या कफमध्ये. नंबर तुझा नको, बाबांचा घाल. बॅटच्या हँडलवर ग्रिप बदलताना आतल्या बाजूलाही नाव लिहून घे, आणि सगळ्या किटचे फोटो व बिलं मला पाठव, मी जपून ठेवते.

तुझी,
मावशी