टोरंटोत जागा कुणी अडवली?

टोरंटोतल्या आपल्या लोकांच्या बोलण्यात हल्ली एक वाक्य वारंवार येतं : ‘फार लोक आले, आता दार लावून घ्यायला हवं.’ जे स्वतः वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच दारातून आत आले, तेच हे बोलतात म्हणून ते खटकतं. पण खरा आक्षेप वेगळा आहे. या वाक्यात रोगाचं निदानच चुकलेलं आहे. २०२१च्या जनगणनेत टोरंटो महानगराची लोकसंख्या सुमारे ६२ लाख होती आणि तिच्यातले ४६.६ टक्के लोक बाहेरच्या देशांतून येऊन स्थायिक झालेले होते. सबंध कॅनडात हे प्रमाण २३ टक्के होतं. १९६७ साली देश आणि वंश बाजूला ठेवून येऊ इच्छिणाऱ्यांना शिक्षण, भाषा, वय यांवर गुण देण्याची पद्धत आली आणि शहर त्या वाटेनं वाढत गेलं. घरं परवडत नाहीत म्हणून दरवर्षी कितीतरी कुटुंबं टोरंटो सोडून ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लहान गावांकडे जातात. त्यांच्या मागे इथली इस्पितळं, बांधकामं, गोदामं आणि बँकांचे संगणक विभाग चालतात ते मोठ्या प्रमाणात नव्यानं आलेल्यांच्या बळावर.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वेगाचा आहे, आणि तो मान्य करायला हवा. २०२३ या एका वर्षात कॅनडाची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक, म्हणजे ३.२ टक्के वाढली. १९५७नंतर एवढा वेग कधी नव्हता. एवढ्यांना लागणारी घरं वर्षभरात उभी राहणं शक्यच नव्हतं. पण हा वेग आला कुठून? २०१९मध्ये ऑन्टॅरिओ सरकारनं स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी करून तिथेच गोठवली आणि अनुदानाची तूट भरून दिली नाही. कॉलेजांनी ती तूट परदेशी मुलांच्या कित्येक पट फीमधून भरून काढली. २०२४मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली तेव्हा याच कॉलेजांत शेकडो अभ्यासक्रम थांबले आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. मुलं ओझं होती की आधार, ते तेव्हा स्पष्ट दिसलं. त्यानंतर भाडी उतरली हेही खरं. परंतु त्याच वर्षी विक्रमी संख्येनं नवे कॉन्डो तयार होऊन बाजारात आले, हे सांगायचं राहून जातं.

जागा अडली ती नियमांमुळे. या शहराच्या निवासी भागाच्या मोठ्या हिश्शात कित्येक दशकं एका कुटुंबाच्या सुट्या घराखेरीज फारसं काही बांधता येत नव्हतं. मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर दुमजली घरांच्या शांत गल्ल्या आणि दोन-चार चौकांत मात्र पन्नास मजली मनोरे, हे दृश्य त्यातूनच आलं. मुंबईकरांना हे नवं वाटू नये. १९९१च्या नियमावलीत मुंबई शहरात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, १.३३ आणि उपनगरांत १ ठरला. २००१ ते २०११मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांखाली आली, तर ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. एफएसआय हे एकमेव कारण नव्हतं, पण माणसं डोंबिवली-विरारकडे ढकलली गेली, गर्दीचा दोष मात्र बाहेरून आलेल्यांवर गेला. टोरंटोची डोंबिवली म्हणजे ब्रॅम्प्टन : लोकसंख्या २०१६मध्ये ५ लाख ९३ हजार, २०२१मध्ये ६ लाख ५६ हजार. टोरंटो महापालिकेनं २०२३मध्ये एका प्लॉटवर चार घरांना सरसकट परवानगी दिली, ती योग्यच होती. २०२५मध्ये सहा घरांचा प्रस्ताव आला तेव्हा मात्र २५पैकी फक्त ९ वॉर्डांत तो लागू झाला. बाकीच्या नगरसेवकांनी रहिवाशांच्या नाराजीपुढे मान तुकवली, हे मला सरळ चूक वाटतं.

हे नियम बदलेपर्यंत नव्यानं येणाऱ्या अनेकांना तळघरांतच जागा शोधावी लागते, म्हणून ब्रॅम्प्टनच्या बेसमेंटमध्ये राहायला येणाऱ्या मुलामुलींसाठी इथे थोडं सविस्तर लिहायलाच हवं. ऑन्टॅरिओत घरमालकाला आगाऊ घेता येतं ते फक्त शेवटच्या महिन्याचं भाडं, तेही एका महिन्याहून जास्त नाही, आणि त्यावर दरवर्षी व्याज द्यावं लागतं. ‘डॅमेज डिपॉझिट’ मागणं बेकायदा आहे. ३० एप्रिल २०१८पासून बहुतेक घरांसाठी सरकारी नमुन्यातला करार सक्तीचा आहे. तो लेखी मागा. २१ दिवसांत मिळाला नाही, तर एका महिन्याचं भाडं रोखून धरण्याचा हक्क कायदा देतो. धुराचा अलार्म आणि बाहेर पडता येईल एवढी खिडकी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि ज्यांची इथे स्वतःची घरं झाली आहेत, त्यांना एक विनंती. तळघर भाड्यानं देत असाल तर त्याची महापालिकेत नोंद करा. शेजारच्या प्लॉटवर नियमात सवलत मागणाऱ्या चार किंवा सहा घरांच्या अर्जाची पाटी लागेल, तेव्हा सुनावणीला जा आणि त्या घरांच्या बाजूनं बोला.