आधी दात, मग केमो

कॅन्सर निघाला की बाकीच्या दुखण्यांना कोणी विचारत नाही, अशी माझी समजूत. आजवर बघितलेलं तसंच होतं. ज्याला कॅन्सर झालाय त्याच्या गुडघ्याबद्दल कोण बोलतं? म्हणून डाव्या स्तनातल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट घेऊन आम्ही कराडहून पुण्याला निघालो, तेव्हा कपड्यांची पिशवी भरूनच नेली. आज ठेवून घेतील, उद्या सलाईन लावतील, असा हिशेब.

कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला, मला तपासलं, हात धुतले आणि विचारलं, “मावशी, मूळव्याध आहे का?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी खिडकीकडे. गाठ दाखवताना वाटली नव्हती एवढी लाज मला त्या प्रश्नाची वाटली. आहे म्हटलं. मग रक्त पडतं का, किती पडतं. साखर किती, बीपीची गोळी कोणती, दात कुठला दुखतो, जिना चढताना दम लागतो का, रात्री झोपताना उशा किती घेता. उशा! गाठीबद्दल काय काय सांगायचं ते मी एसटीत घोकून आले होते, ते तसंच राहिलं.

आमची पिठाची गिरणी आहे. त्या दिवशी माझी सगळी जुनी दुखणी दळणाच्या डब्यांसारखी रांगेत मांडली गेली, आणि शेवटी आलेल्या कॅन्सरला मध्ये घुसू दिलं नाही, असंच मला वाटलं. चीडही आली. घरी फोन केला तर थोरला म्हणाला, “मग सुरू कधी करणार?” ते सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

गाठ हर-टू पॉझिटिव्ह होती, म्हणजे तिच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त होतं, आणि ती काखेत उतरली होती. त्यामुळे आधी केमो, मग ऑपरेशन, मग लाईट म्हणजे रेडिएशन, असा क्रम ठरला. मुंबईची बहीण फोनवर रडायलाच लागली. “तिथं दातबीत काय बघत बसलेत? टाटाला आण तिला.” परळचं टाटा १९४१पासून आहे, आमच्या अख्ख्या जिल्ह्याचा त्याच्यावर विश्वास. मी चाचरत मॅडमना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “खुशाल जा. पण तिथंही हेच कागद मागतील.” २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणून एक जाळं सुरू झालं, त्यात टाटाबरोबर देशभरातली रुग्णालयं आहेत आणि कुठल्या आजाराला काय करायचं याची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांनी मिळून ठरवलीत, हे त्यांनी समजावून सांगितलं. “दोन-तीन आठवडे तयारीला घेतल्याने बिघडणार नाही. दोन-तीन महिने मात्र मी तुम्हाला देणार नाही.” ह्या वाक्यावर आम्ही तिथेच राहायचं ठरवलं.

पहिला घोळ साखरेचा. एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांची साखर कशी होती ते सांगणारी तपासणी, माझी ९.८ आली. पण हिमोग्लोबिनही ९च्या आसपास निघालं, आणि रक्तातलं लोह कमी असेल तर एचबीए१सीचा आकडाही फसवा येऊ शकतो, म्हणून घरी बोट टोचून रोजची नोंद ठेवायला सांगितली. लोह कशाने कमी झालं? तर मूळव्याधीने. तेव्हा कुठे तो पहिला प्रश्न माझ्या डोक्यात उतरला. शिवाय केमोत शौचाला कडक होतं, पांढऱ्या पेशी उतरतात, आणि अशा वेळी तिथली जखम म्हणजे जंतूंना उघडं दारच. लाजण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण लाज सांगून जात नाही.

पेट स्कॅनला गेले तर सकाळची साखर २३४. तिथला मुलगा म्हणाला, “मावशी, आज नाही होणार.” त्या तपासणीत शिरेतून जे औषध देतात ते स्वतःच एक प्रकारची साखर असतं. कॅन्सरच्या पेशी ती हपापल्यासारखी ओढून घेतात आणि चित्रात उजळून दिसतात. पण रक्तात आधीच आपली साखर भरपूर असेल तर औषधाला वाव मिळत नाही, चित्र फिकं येतं. म्हणून साधारण २००च्या वर असली की परत पाठवतात. आता गंमत बघा. माझी मेटफॉर्मिनची गोळी दोन दिवस आधी त्यांनीच बंद करायला लावली होती, कारण तिने आतडी उजळतात आणि खरं काय ते कळत नाही. गोळी बंद म्हणून साखर वर, साखर वर म्हणून स्कॅन बंद. हे ऐकून मी तिथल्या बाकावर हसत सुटले. ह्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

उपाय इन्सुलिनचा निघाला. कॅन्सर ऐकून गप्प बसलेली माझी नणंद इन्सुलिन ऐकल्यावर मात्र हादरली. “वहिनी, सुईवर गेलं की माणूस संपलं.” आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की केमोच्या दिवसांत डेक्सा नावाचं स्टेरॉइड देतात, उलट्या आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून, आणि त्याने साखर उसळते. गोळ्यांनी ती पटकन आवरत नाही. इन्सुलिन रोजच्या रोज कमी-जास्त करता येतं, पुढे बंदही होऊ शकतं. नणंदेला पटलं का माहीत नाही, पण सुई टोचायला शिकली तीच. मला अजून डोळे मिटल्याशिवाय जमत नाही.

खाण्यावरून तर घरात सभाच भरली. कोणी म्हणे दूध बंद, कोणी म्हणे भात बंद, कोणी गव्हांकुर घेऊन आलं. आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्यांवर पाणी फिरवलं. साखर-गूळ आवरा, पण उपाशी राहू नका. डाळ, अंडी, दही, मोड आलेली मटकी रोज पोटात गेली पाहिजे, वजन उतरायला नको.

दाताचं मात्र मला मनापासून पटेना. खालची एक दाढ किडलेली, अधूनमधून ठणकायची, लवंग धरली की शांत. दंतवैद्यांनी बघितलं आणि काढू म्हणाले. केमो दिल्यावर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा दाढेखाली पू झाला तर ताप, ॲडमिट आणि पुढची केमो लांबणीवर. आत्ता काढली तर सुरुवात व्हायच्या आत जखम भरते. आणि पुढे हाडांना बळकटीसाठी एक इंजेक्शन लागलं, तर त्यानंतर दाढ काढणं जबड्याला जोखमीचं. म्हणजे कॅन्सरची पहिली शस्त्रक्रिया माझ्या तोंडात झाली.

हृदयाची टूडी इको केली. एचआयव्ही आणि काविळीच्या रक्ततपासण्यांचा कागद बघून हे जरा बिथरले, तर नर्सबाई म्हणाल्या की त्या सगळ्यांच्याच करतात. हिपॅटायटिस बी अंगात निजलेला असला तर केमोने जागा होऊ शकतो, आधी कळला तर गोळी देता येते. निजलेला नव्हता. गिरणीतल्या पिठाचा खोकला म्हणून छातीचा एक्सरे, तोही स्वच्छ.

इकोचा आकडा ५८ आला, म्हणजे चांगला. तरी मॅडम बराच वेळ विचार करत होत्या. शेजारच्या गल्लीतल्या काकूंना लाल केमो दिली होती, मी मनाची तयारी त्याचीच केलेली. पण ते लाल औषध हृदयाला जड, हर-टूवर जे ट्रास्टुझुमॅब देतात त्यानेही हृदयाचा जोर कमी होऊ शकतो, वरून माझं बीपी आणि साखर. म्हणून लाल औषध वगळून दुसरी जोडी ठरली, आणि ट्रास्टुझुमॅब वर्षभर चालेल तेवढा काळ दर तीन महिन्यांनी इको. माझ्या बीपीच्या गोळीला माझ्या केमोत मत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

खांद्याचं सगळ्यात शेवटी निघालं. डावा खांदा वर्षभर धरलेला. वेणी घालताना हात मागे जात नव्हता, वरच्या फळीवरचा डबा लेक काढून द्यायची. मी ते कोणाला सांगितलंच नव्हतं. धान्याची पोती उचलून झालं असेल, मधुमेहात होतंच म्हणतात. मॅडमनी सहज हात वर करायला सांगितला, तो कानापर्यंत पोचेना. त्यांनी पेन खाली ठेवलं. लाईट देताना हात डोक्यावर घेऊन हलायचं नसतं, रोज तसंच, आठवडेच्या आठवडे. हात वर जात नसेल तर यंत्राखाली नीट झोपताच येत नाही. डावी बाजू, खाली हृदय, त्यामुळे श्वास भरून धरायलाही शिकवतात, म्हणजे छाती वर येते आणि हृदय जरा लांब राहतं. आणि काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आणखी आखडतो. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सांध्यात एक स्टेरॉइडचं इंजेक्शन देतो. साखरेचे डॉक्टर म्हणाले, आत्ता नको, आत्ताच कुठे साखर खाली आलीय. दोघे मॅडमशी फोनवर बोलले आणि इंजेक्शन राहिलं. मग फिजिओथेरपीच्या पोरीने भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला शिकवलं. आमच्या गिरणीच्या भिंतीवर आता पेन्सिलच्या खुणा आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, नातवाची उंची मोजता का.

गोळ्यांची पिशवी घेऊन या म्हणाल्या होत्या, ती टेबलावर उलटी केली तेव्हा त्यातून रक्त पातळ व्हायची गोळी निघाली, कोणे एके काळी कोणीतरी लिहून दिलेली, आणि पुडीतलं एक चूर्णही. त्या चूर्णात काय आहे ते मला सांगता येईना. मॅडम ओरडल्या नाहीत. लिव्हरवर काय होईल ते कळणार नाही म्हणून थांबवा म्हणाल्या. रक्ताच्या गोळीबद्दल हृदयाच्या डॉक्टरांना विचारून, पोर्ट बसवायच्या आधी काही दिवस बंद ठेवली. पोर्ट म्हणजे कॉलरच्या हाडाखाली बसवलेली छोटी डबी, हाताच्या शिरा सारख्या टोचाव्या लागू नयेत म्हणून. फ्लूची लस त्याच आठवड्यात टोचली.

उद्या सकाळी पहिली केमो. डेक्साच्या गोळ्या आदल्या दिवसापासून घ्यायच्या असतात, त्या आज नाश्त्याबरोबर सुरू केल्या. संध्याकाळी साखर २६८. फॅमिली डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले चार युनिट वाढवा आणि झोपताना पुन्हा बघा. नणंदेने इन्सुलिनचं पेन फिरवून आकडा लावला, मी डोळे मिटले. मग थोरल्याला सांगितलं, उद्या गिरणी बंद ठेवू नकोस, ज्वारीची दळणं पडलीत.