पुस्तकातला सल्ला आणि आमची एक सही

महागाई वाढली आणि पगार पुरेनासा झाला की माणूस सल्ला शोधू लागतो. पूर्वी वडीलधाऱ्यांना विचारीत, आता पुस्तक विकत घेतात. 'रिच डॅड पुअर डॅड' हे त्यातले फार खपलेले पुस्तक. रॉबर्ट कियोसाकी या अमेरिकन गृहस्थांनी शॅरन लेक्टर यांच्यासह ते १९९७ साली काढले. पुढे ते मराठीतही आले. २०१५ च्या सुमारास आमच्या कचेरीत ते हातोहात फिरले. आम्हीही वाचले. त्यानंतर आमच्या घरात जे घडले ते वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पुस्तकाचे म्हणणे जगाच्या उलटे आहे. राहते घर ही मालमत्ता नव्हे, कारण ते खिशात पैसा आणत नाही, उलट खिशातून काढते. पगारासाठी राबू नका, पैशाला राबवा. कर्जाला भिऊ नका, चांगले कर्ज माणसाला वर काढते.

आम्ही बी.कॉम. झालेले. ताळेबंदात इमारत मालमत्तेच्या बाजूला आणि तिच्यावरचे कर्ज देण्याच्या बाजूला, एवढे आम्हाला पक्के ठाऊक. तेव्हा हिशेब म्हणून ते पटले नाही, पण त्यातला प्रश्न पटला. २० लाखांचे गृहकर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना सुमारे १८ हजार बसतो, आणि फिटेपर्यंत ४३ लाखांच्या वर रक्कम भरलेली असते. हा आकडा कागदावर मांडून आम्ही आमच्या सौ.ना दाखवला. त्या म्हणाल्या, "हिशेब बरोबर असेल. पण भाड्याची खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात. ते तुमच्या पुस्तकात कुठल्या बाजूला लिहिलंय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

आमच्या शेजारच्या टेबलावरचा एक तरुण सहकारी मात्र या पुस्तकाने भारून गेला होता. मुलगा होतकरू, आम्हाला 'दादा' म्हणे. नेरळच्या बाजूला प्लॉट घ्यायचा, भाव चढला की विकायचा आणि नोकरीतून मोकळे व्हायचे, असा त्याचा बेत. त्याने कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून ४ लाखांचे कर्ज काढले. दोन जामीनदार हवे होते. त्यातली एक सही आमची. सौ.ना न विचारता केलेली.

२०१८ साली त्याने नोकरी सोडली. प्लॉटला गिऱ्हाईक मिळेना. हप्ते थकले. पतपेढीने त्याचे शेअर्स आणि ठेव वळती करून घेतली आणि उरलेली रक्कम आम्हा दोघा जामीनदारांवर टाकली. आमच्या वाट्याला १ लाख ८ हजार आले. पगारातून दरमहा ३ हजार, असे ३६ महिने. यात पतपेढीची चूक नव्हती. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, असे १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते. कॉलेजात असताना आम्ही हे कलम परीक्षेसाठी पाठ केले होते.

त्या वर्षी थोरलीचा बारावीचा क्लास बंद करावा लागला. ती वस्तीतल्या अभ्यासिकेत रात्री बसून शिकली, पास झाली. पण तिला हव्या त्या कोर्सला प्रवेश मिळाला नाही. तिने कधी बोलून दाखवले नाही, म्हणून आम्ही ते विसरलो असे नाही.

पुढे वाचनात आले की २०१२ साली कियोसाकी यांच्या 'रिच ग्लोबल' या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यांची व्याख्याने भरवणाऱ्या एका कंपनीला २ कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यावी, असा निकाल तिच्याविरुद्ध लागला होता. दिवाळे निघाले ते कंपनीचे, त्यांचे स्वतःचे नव्हे. कायद्याला ते मान्य आहे, कारण कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. पण तुमच्या-आमच्यासारख्या पगारदाराला असे दोन खिसे नसतात. त्याचे कर्ज बुडाले की ते दुसऱ्या पगारदाराच्या पगारपत्रकावर चढते.

म्हणून अशी पुस्तके वाचूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. जॉर्ज क्लासन यांचे 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन' हे १९२६ सालचे पुस्तक आहे. मिळकतीचा दहावा हिस्सा आधी बाजूला काढा आणि मग खर्चाला हात घाला, असे ते सांगते. आम्ही आयुष्यभर खर्च करून उरेल ते टाकत आलो, आणि उरत काहीच नव्हते. २०२१ साली जामिनाची कपात संपली. तेव्हा सौ. म्हणाल्या, "तीन हजारांवाचून जगायची सवय झालीच आहे, ती मोडू नका." त्याच महिन्यात पोस्टात दरमहा ३ हजारांचे आवर्ती ठेवीचे खाते उघडले. हा सल्ला चुकला असता, तरी भार आमच्याच घरावर पडला असता, दुसऱ्या कोणावर नाही.

तो सहकारी आता एका गोदामात हिशेबनीस आहे. जमेल तसे हजार-दोन हजार आणून देतो. आम्ही ते मोजून घेतो आणि चहा पाजतो. माणूस वाईट नाही.

थोरली आता कमावते. परवा तिने असेच एक पुस्तक घरी आणले. आम्ही तिला एवढेच सांगितले, की बाळ, वाच. पण प्रत्येक सल्ल्यापुढे पेन्सिलीने एक नाव लिही: हे फसले तर भरणार कोण? तिथे तुझे नाव येत असेल तर विचार करून कर. दुसऱ्याचे येत असेल तर आधी त्या माणसाला जाऊन विचार.

सौ. आतून म्हणाल्या, "आणि त्याच्या बायकोलाही."