श्रवणबेळगोळ : एका थकव्याच्या निमित्ताने

श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर भगवान बाहुबलींच्या चरणांशी पोहोचलेला मराठी यात्रेकरू दर्शन झाल्यावर आणखी एक गोष्ट शोधतो. चरणांशेजारी शिळेवर कोरलेली ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ ही ती ओळ. मराठीतील अगदी आरंभीच्या कोरीव वाक्यांत तिची गणना होते. ती नेमकी केव्हा कोरली गेली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मूर्ती मात्र इ. स. 981 च्या सुमाराची मानली जाते, आणि ती घडवून घेणारा चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री व सेनापती होता. लढाया आणि दरबार सांभाळून या गृहस्थाने कन्नड गद्यात पुराण लिहिले, आचार्य नेमिचंद्रांचे शिष्यत्व पत्करले आणि सुमारे 57 फूट उंचीची अखंड पाषाणमूर्ती उभी केली. इतक्या कामाच्या माणसाला एवढे मन कोठून उरले असेल, हा प्रश्न पूर्वीच्या तीन यात्रांत मला कधी सुचला नव्हता. यंदा जानेवारीत तो सुचला, कारण या वेळी सोबत पुतण्या होता.

पुतण्या चौतीस वर्षांचा, पुण्यात एका संगणक कंपनीत बारा जणांच्या गटाचा प्रमुख. गिऱ्हाईक अमेरिकेत, म्हणून मिटिंगा रात्री, आणि येथील कचेरी मात्र सकाळी दहाला सुरूच. गेल्या दिवाळीनंतर सूनबाईंचा फोन आला. रविवारी दुपार उलटली की याच्या पोटात दुखू लागते. झोप तीन-चार तासांवर आली आहे. लॅपटॉप उघडून तासभर एकाच ओळीकडे पाहत बसतो. घरात कोणाशी भांडत नाही, बोलतही नाही. डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या, समुपदेशकाकडे पाठविले आणि तीन आठवडे रजा घेण्यास लेखी सांगितले.

आमचे दादा, म्हणजे त्याचे वडील, सांगलीत हळदीची अडत चालवतात. त्यांना हे रजेचे पत्र मुळीच पटले नाही. “आम्ही चाळीस वर्षे चौदा चौदा तास पेढीवर बसलो. आम्हाला नाही झालं असलं काही,” असे ते म्हणाले. आपल्या वाचकांपैकी अनेक घरांतून हेच वाक्य ऐकू येत असणार, याची मला खात्री आहे. मुले पेढी सोडून नोकरीत गेली. त्यांचे पगार आपल्याला समजतात, पण त्यांचा दिवस आपल्याला समजत नाही.

या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात तिची नोंद आहे. संघटना तिला रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यामुळे उद्भवणारी, कामाशीच निगडित स्थिती म्हणते. लक्षणे तीन : शक्ती संपल्याची जाणीव, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना. यात आळसाचा कोठेही उल्लेख नाही. दादांना मी हे वाचून दाखविले तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला, एवढेच.

तरीही दादांचे म्हणणे मी मोडीत काढणार नाही. चौदा तास खरेच होते. परंतु त्या चौदा तासांची घडण आठवून पाहावी. सकाळी देवदर्शन करून पेढी उघडायची. सौदे निघाले की त्या दिवसाचा भाव ठरला. नंतर कितीही विचार केला तरी तो बदलत नसे. दुपारी लोडाला टेकून डुलकी होई आणि तिला कोणी डुलकी म्हणत नसे. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून मालक उठून घरी जात, त्या वेळी मोठ्यात मोठा व्यापारी आला तरी त्याला थांबावे लागे. रात्री रोजमेळ जुळला की वही मिटायची. आमच्या बँकेतही तेच होते. मार्चअखेरीस मध्यरात्र होई, एका रुपयाच्या फरकासाठी चार जण खातेवह्या उपसत. पण मेळ बसला, दोन अधिकाऱ्यांनी आपापल्या किल्लीने तिजोरी बंद केली, की मग कोणालाच काही करता येत नसे. आम्ही दमत होतो हे खरे, पण दमून घरी जात होतो. पुतण्याच्या दिवसाला असा रोजमेळच नाही.

रात्रीच्या गाडीने बेंगळुरू आणि तेथून मोटारीने सुमारे दीडशे किलोमीटर, असा आमचा प्रवास झाला. धर्मशाळेत सामान ठेवल्यावर त्याने स्वतःहून फोन कपाटात ठेवला आणि किल्ली माझ्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चढायला लागलो. कातळात कोरलेल्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्या अनवाणी चढायच्या. माझ्या वयाला दर शंभर पायऱ्यांवर थांबावे लागते. तो थांबत नव्हता. पुढे जाई, वळून पाही, आणि प्रत्येक वेळी त्याचा उजवा हात सदऱ्याच्या रिकाम्या खिशाकडे जाई. मी ते मोजू लागलो होतो, पण तेहतीसनंतर सोडून दिले. खाली कल्याणी सरोवर उजळत होते आणि वारा गार होता. त्याचे तिकडे लक्ष नव्हते.

वर मात्र तो बराच वेळ उभा राहिला. उत्तराभिमुख मूर्ती, पायांशी वारुळे आणि त्यांतून डोकावणारे सर्प, मांड्यांवरून बाहूंपर्यंत चढलेल्या वेली. वेली चढेपर्यंत न हललेला देह हे स्थैर्याचे परम चित्र आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु कथेचा पुढचा भाग आपण भरभर सांगून टाकतो. वर्षभर असे उभे राहूनही बाहुबलींना केवलज्ञान झाले नाही. आपल्यामुळे भरताला क्लेश झाला, आपण उभे आहोत ती भूमीही भरताचीच, असे एक शल्य आत शिल्लक होते, असे दिगंबर परंपरेत सांगतात. श्वेतांबर कथेत धाकट्या बंधूंना वंदन कसे करावे हा अभिमान आडवा येतो, आणि ब्राह्मी व सुंदरी या भगिनी येऊन ‘हत्तीवरून उतरा’ असे सांगतात. दोन्ही कथांचा आशय मला एकच वाटतो. देह पूर्ण थांबला होता, आत एक खाते उघडे होते. रजेवर असलेल्या माणसाला विश्रांती का मिळत नाही, हे मी समुपदेशकाच्या पुस्तिकेत वाचले होते. समजले ते येथे.

चावुंडरायाचीही एक दंतकथा या डोंगरावर सांगतात. त्याने घडे भरभरून दुधाचा अभिषेक केला, पण दूध मूर्तीच्या चरणांपर्यंत पोहोचेना. मग एक वृद्धा फळाच्या लहानशा करवंटीत दूध घेऊन आली आणि तेवढ्याने मूर्ती नखशिखान्त न्हाली. त्या गुळ्ळकायज्जीची मूर्ती डोंगरावर आहे. पुतण्याने विचारले, “काका, म्हणजे त्याच्यावाचून अडत नव्हतं, असंच ना?” त्याच्या गटाने रजेच्या पहिल्या आठवड्यात एकही फोन केला नव्हता. त्याचा त्याला आनंद झाला होता की दुःख, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून ठरविता आले नाही.

तिसऱ्या प्रहरी समोरच्या चंद्रगिरीवर गेलो. हा डोंगर लहान, गर्दी कमी, बसदी जुन्या. सम्राट चंद्रगुप्त मौर्य राज्य सोडून आचार्य भद्रबाहूंबरोबर येथे आले असे परंपरा सांगते. त्या प्रसंगांच्या कोरीव जाळ्या चंद्रगुप्त बसदीत आहेत. एका बसदीच्या सावलीत पुतण्या भिंतीला टेकला आणि झोपला, तो चांगला दीड तास. उठल्यावर म्हणाला, “नोव्हेंबरात मी काय काय केलं ते मला आठवत नाही. बाळाचा पहिला वाढदिवस नोव्हेंबरात होता.”

मी उपदेश केला नाही. मात्र त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी सामायिक केले. दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे. इतकी वर्षे मी ते करीत आलो, पण त्याची आखीव मुदत मला व्रताचा केवळ नियम वाटत असे. दिग्व्रत आणि देशव्रत यांचेही तसेच. अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे जाणार नाही, आज या गावाबाहेर व्यवहार नाही, असे बंधन व्यापार करणाऱ्या श्रावकाने स्वतःवर घालून घ्यायचे. ज्याच्या खिशात अमेरिका आहे त्याला देशव्रत पाळणे किती कठीण, हे त्या दिवशी ध्यानात आले. रिझर्व्ह बँकेचाही एक नियम आहे. संवेदनशील पदावरील बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवायचे. हेतू गैरव्यवहार उघड व्हावा हा आहे, माणसाला विसावा मिळावा हा नव्हे. तरी त्या रजेवरून परतलेले सहकारी ताजेतवाने दिसत, ही माझी नोंद.

आता थोडे हिशेबाचे. डोंगर चढून हा थकवा उतरत नाही. औषधोपचार व समुपदेशन चालूच आहे. खरा पेच घराच्या हप्त्याचा होता. रात्रीच्या मिटिंगा नसलेला गट मागावा तर भत्ता जातो. धर्मशाळेत बसून आम्ही आकडे मांडले. कर्जाची बाकी 50 लाख, दर साडेआठ टक्के, मुदत 15 वर्षे. हप्ता सुमारे 49,200. मुदत 20 वर्षे केली तर हप्ता सुमारे 43,400 होतो, पण अखेरपर्यंत व्याज साधारण साडेपंधरा लाखांनी अधिक जाते. बँकेत असताना असा सल्ला मी कोणाला सहसा दिला नसता. त्याला दिला.

सांगलीला परतल्यावर हा कागद दादांसमोर ठेवला. ते हळदीच्या हंगामाच्या गडबडीत होते. त्यांनी आकडे दोनदा वाचले. साडेपंधरा लाखांवर बोट ठेवून गप्प राहिले. मग विचारले, “पोराचं वजन नऊ किलो उतरलंय. ते कुठल्या बाजूला लिहिलंस?”

एप्रिलपासून पुतण्या नव्या गटात आहे. झोप साडेपाच तासांवर आली आहे. रविवारचे पोटदुखणे अद्याप पूर्ण गेलेले नाही.