फिटलेल्या कर्जाचा शेरा

भूम तालुक्यात खव्याची भट्टी चालवायची तर घरचं दूध हवं. म्हशींसाठी आम्ही कर्जाचा अर्ज केला आणि सिबिलचा पतअहवाल काढताच फाइल परत आली. ट्रॅक्टरच्या जुन्या कर्जापुढे ‘दावा दाखल’ असा शेरा आणि शेजारी थकबाकीचा आकडा. कर्ज ह्यांच्या नावावर, सहकर्जदार मी, म्हणून दोघांच्याही अहवालात तेच.

ट्रॅक्टर २०१२ च्या दुष्काळाआधीचा. पुढे २०१४ आणि २०१५ ही सालंही कोरडी गेली. हप्ते थकले, बँकेनं दिवाणी दावा लावला, हुकूमनामा झाला, वसुलीची दरखास्त आली. सोयाबीन हाताला लागत गेलं तसं आम्ही व्याज आणि दाव्याच्या खर्चासकट सगळं फेडलं. आमचे वकील एका गोष्टीवर अडून बसले होते. बँकेत परस्पर पैसे भरले, तरी वसुली पूर्ण झाल्याची पुरशिस बँकेकडून कोर्टात यायलाच हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम २ प्रमाणे अशी नोंद नसेल, तर वसुली करणारं कोर्ट तो भरणा धरतच नाही. पुरशिस आली, दरखास्त निकाली निघाली.

पण कोर्टाच्या दप्तरातून ही खबर आपोआप पतअहवालात जात नाही. तिथे बँक पाठवते तीच माहिती चढते. शाखेत गेलो तर म्हणाले, सिबिल कंपनीला लिहा. कंपनीचं उत्तर आलं, बँकेनं दुजोरा दिल्याशिवाय बदल करता येत नाही. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्यात कलम २१ आहे. कर्जदारानं मागणी केल्यावर तीस दिवसांत दुरुस्ती झाली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. हे कलम आणि परिपत्रक नमूद करून, पुरशिस व निकालाची सहीशिक्क्याची नक्कल आणि बेबाकी दाखला जोडून बँकेला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. कागद बोलू लागले तेव्हा शाखेतलं बोलणं बदललं.

मग शेरा बदलला, पण ‘सेटल्ड’ असा. यावर मात्र मी गप्प बसले नाही. सेटल्ड म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडून दिली आणि तडजोडीत मिटवलं. लोकअदालतीत सूट घेतलेल्यांच्या नावापुढे तो शेरा बरोबरच आहे. आम्ही एक रुपयाही सोडवून घेतला नव्हता, आणि पुढचा कर्ज देणारा या दोन्हींत मोठा फरक करतो. हुकूमनाम्याची रक्कम आणि भरण्याच्या पावत्या समोरासमोर लिहून पुन्हा अर्ज दिला. तेव्हा खातं ‘बंद’ झालं, थकबाकी शून्य आली.

थकलेल्या महिन्यांची नोंद अहवालात आहे. ती खरी आहे, तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्यानं वसुली केली, त्यानंच ती पूर्ण झाल्याचं कळवायला हवं. फेडणाऱ्याला पुरावे घेऊन फिरायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

सिबिलखेरीज इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्याही अहवाल ठेवतात, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. आम्ही चारही मागवले. त्यांतल्या एकात जुना शेरा अजून आहे, त्याचा अर्ज परवाच दिला.